अब्बांच्या चपला आणि सर्कशीतला म्हातारा



उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली होती. सध्या पुण्यात नोकरी करते. मिठाईच्या डब्याबरोबर तिने एक इंग्रजी कादंबरी पुढे केली. "सर्कशीची गोष्ट आहे. वाचा, आणि आवडली तर सदरात लिहा," असे हक्काने सांगून गेली. इंग्रजी आमची तिसरी भाषा. उर्दूत आणि मराठीत जसे ऐसपैस बसता येते तसे इंग्रजीत बसता येत नाही. शब्दकोश उशाशी ठेवला, इशाच्या नमाजनंतर रोज दहा-बारा पाने असा नेम धरला, आणि सव्वा महिन्यात पुस्तक संपवले.

सर्कशीची म्हणून हाती घेतलेली गोष्ट म्हातारपणाची निघाली. रात्री वाचत असताना शेजारच्या खोलीतून अब्बांचा खोकला ऐकू यायचा, काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज यायचा, आणि आम्ही पान उलटता उलटता थांबायचो. म्हणून या वेळी पुस्तकाबद्दल लिहिता लिहिता थोडे घरचेही लिहिणार आहोत. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

कादंबरीचे नाव 'वॉटर फॉर एलिफंट्स', म्हणजे 'हत्तींसाठी पाणी'. लेखिका सेरा ग्रूएन. अमेरिकेत २००६ साली ती प्रसिद्ध झाली आणि अफाट खपली. २०११ साली तिच्यावर सिनेमाही निघाला, तो आम्ही पाहिलेला नाही. गोष्ट सांगतो जेकब यान्कोव्स्की नावाचा म्हातारा. वय ९० किंवा ९३, दोहोंपैकी कोणते ते त्याला आठवत नाही. बायको वारली आहे, पाच मुले आहेत, नातवंडे-पतवंडे आहेत, आणि तो राहतो वृद्धांची निगा राखणाऱ्या एका संस्थेत. एके दिवशी संस्थेच्या समोरच्या मोकळ्या जागेत सर्कशीचा तंबू उभा राहू लागतो. सगळे म्हातारे-म्हाताऱ्या चाकाच्या खुर्च्या आणि वॉकर सरकवत खिडकीपाशी गोळा होतात. जेकबच्या डोक्यात मात्र दुसरीच एक सर्कस जागी होते, सत्तर वर्षांपूर्वीची.

ती साल १९३१ मधली. अमेरिकेत महामंदी. जेकबची पशुवैद्यकाची शेवटची परीक्षा तोंडावर आलेली असते आणि आईवडील मोटार अपघातात गेल्याची बातमी येते. वडीलही जनावरांचे डॉक्टर. लोकांकडे पैसे नव्हते म्हणून फीच्या बदल्यात अंडी आणि शेंगा घेत राहिले, मुलाच्या शिक्षणासाठी घर गहाण टाकले. घर बँकेकडे जाते. पोरगा कोरा पेपर ठेवून परीक्षेतून उठतो, चालत सुटतो आणि रात्री एका धावत्या आगगाडीत उडी मारतो. ती गाडी सर्कशीची असते.

इथून पुढे जे सर्कशीचे वर्णन येते ते आम्ही अधाशासारखे वाचले. आपण सर्कस तंबूच्या आतून पाहतो, बाकावर बसून. ही बाई आपल्याला तंबूच्या मागे नेते. खेळ करणारे कलावंत वेगळे आणि तंबू ठोकणारे, लीद काढणारे मजूर वेगळे. जेवणाच्या तंबूतही दोघांच्या मध्ये पडदा. कलावंतांचा पगार होतो, मजुरांचा आठवडेच्या आठवडे अडकतो. पैशाचे ओझे झाले की मालक काय करतो? रात्री धावत्या गाडीतून नको असलेल्या माणसांना खाली ढकलून देतो. त्याला त्या लोकांच्या बोलीत वेगळा शब्दच आहे. नशीब बरे असले तर गाडी हळू असताना, स्टेशनाजवळ. नसले तर पुलावरून.

यात कॅमल नावाचा एक म्हातारा मजूर आहे. जेकबला सर्कशीत पहिले काम तोच मिळवून देतो. त्या काळात अमेरिकेत दारूबंदी होती, १९२० पासून १९३३ पर्यंत. तेव्हा औषधाच्या नावाखाली आल्याचा एक अर्क मिळे, त्यात भरपूर मद्यार्क. गरीब लोक तो दारू म्हणून पीत. १९३० च्या सुमारास त्यात एक औद्योगिक रसायन मिसळले गेले आणि हजारो माणसांचे पाय लुळे पडले. हा खरा इतिहास आहे, कादंबरीपुरता रचलेला नाही. कॅमलचे पायही असेच जातात. आता तो काही कामाचा उरला नाही म्हणजे गाडीतून फेकला जाणार, हे सगळ्यांना ठाऊक. मग जेकब आणि वॉल्टर नावाचा बुटका विदूषक त्याला आपल्या डब्यात, ट्रंकांच्या मागे लपवून ठेवतात. वॉल्टर आधी कुरकुरतो, शिव्या देतो. नंतर तोच त्या म्हाताऱ्याचे करतो. पुढे त्या दोघांचे काय होते ते इथे सांगत नाही, पण ते प्रकरण वाचून आम्ही पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवले होते.

आणि रोझी. रोझी ही हत्तीण, आणि आमच्या मते या पुस्तकातली सर्वांत शहाणी व्यक्ती. मालकाने ती एका बुडालेल्या सर्कशीकडून घेतलेली. काही केल्या ऐकत नाही, म्हणून जनावरांचा प्रमुख ऑगस्ट तिला अंकुशाने रक्त निघेपर्यंत मारतो. सगळ्यांचे म्हणणे, हत्तीण मठ्ठ आहे. प्रत्यक्षात ती रोज पायाच्या साखळीचा खुंटा जमिनीतून उपटते, जाऊन सरबत पिऊन येते आणि परत येऊन खुंटा होता तिथे रोवून ठेवते! चोरीचा आळ दुसऱ्यांवर. मग एक दिवस जेकबला कळते की रोझीला इंग्रजी येत नाही, पोलिश येते. जेकब पोलिश घरातला. तो तिच्याशी घरच्या भाषेत बोलतो आणि ती सांगाल ते करते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. हे पान वाचून आमच्या डोळ्यांपुढे किती पोरे आली सांगू! तालुक्याच्या स्पर्धेत, परक्या भाषेतल्या प्रश्नापुढे गप्प उभी राहिलेली, आणि परीक्षकांनी 'कच्ची आहेत' असा शेरा मारलेली. असो. तो विषय पुन्हा कधीतरी.

पुस्तकात काही गोष्टी आम्हाला पटल्या नाहीत, त्याही सांगून टाकतो. नायकाचे प्रेम दुसऱ्याच्या बायकोवर बसते आणि लेखिका सगळे वजन त्याच्याच बाजूने टाकते. नवरा, म्हणजे तो ऑगस्ट, इतका क्रूर दाखवला की वाचकाला दुसरा विचार करायला जागाच उरत नाही. त्याच्या क्रूरपणाला मनाच्या आजाराचे नाव देऊन मोकळे होणे हेही आम्हाला सोपे वाटले. मनाचे आजार झालेली कितीतरी माणसे मुंगीलाही दुखवत नाहीत. काही प्रसंग उघडेवाघडे आहेत, भाषा तर मजुरांच्या गाडीतलीच. तेव्हा पुस्तक घरातल्या मुलामुलींच्या हाती देण्यासारखे नाही. मोठ्यांनी वाचावे, आणि म्हाताऱ्या जेकबची प्रकरणे तर दोनदा वाचावीत. तरुण जेकबची गोष्ट रंगतदार आहे. पण आम्हाला धरून ठेवले ते म्हाताऱ्याने.

आईवडिलांना 'उफ्'सुद्धा म्हणू नये, हे आपल्याकडे मूल बोलायला लागल्यापासून कानावर पडते. त्यामुळे वृद्धाश्रमाची गोष्ट म्हटल्यावर आम्ही नकळत तयारीत बसलो होतो, की आता दुष्ट मुले येणार, शिव्या येणार, उपासमार येणार. तसे काहीच येत नाही. त्या संस्थेत कोणी जेकबला 'उफ्' म्हणत नाही. वेळेवर औषध, वेळेवर अंघोळ, स्वच्छ चादर. परिचारिका गोड आवाजात बोलतात, लहान मुलाशी बोलावे तशा. जेवण चावायला लागू नये असे मऊ, लगदा केलेले. त्याला चावून खायचे असते, चव घ्यायची असते. तो चिडला की 'आज मूड बरा नाही' अशी नोंद होते. मुले दर रविवारी पाळीपाळीने येतात. येतात आणि त्याच्याभोवती बसून एकमेकांशी बोलत राहतात. ज्यांच्याविषयी बोलतात त्यांना तो ओळखत नाही. आपल्या काळाच्या गोष्टींना आता गिऱ्हाईक नाही हे त्याला उमगलेले आहे, म्हणून तो त्या सांगतही नाही.

एका प्रसंगाला आम्ही मनापासून हसलो आणि मग हसू ओसरले. संस्थेत एक नवा म्हातारा येतो, मॅकगिन्टी. जेवताना सांगतो की लहानपणी आपण सर्कशीतल्या हत्तींना पाणी नेऊन घालत होतो. बायकांचे लगेच, अय्या, खरेच का! जेकब भडकतो. तो म्हणतो, हा खोटे बोलतो आहे. कारण ज्याने हत्ती सांभाळला आहे त्याला माहीत असते की हत्तीला दिवसाला शे-दीडशे लिटर पाणी लागते. पोराने बादलीने नेऊन ते भागत नाही. भांडण इतके वाढते की जेकबला टेबलावरून उठवतात. मग डॉक्टर येतात. डॉक्टरांचे नाव रशीद! परक्या देशातल्या कादंबरीत आपल्या नावाचा माणूस भेटला की आपण जरा सावरून बसतो. पण हे डॉक्टर रशीदही बाकीच्यांसारखेच. म्हाताऱ्याला राग आला म्हणजे तो उदास असणार, आणि उदास असेल तर त्यावर गोळी आहे. अख्ख्या इमारतीत हत्तींविषयी खरे जाणणारा एकच माणूस होता, आणि गोळी त्यालाच मिळाली. कोणी एकदा तरी विचारायचे होते, "बाबा, तुम्हाला कसे माहीत?"

एक रोझमेरी नावाची परिचारिका तेवढी वेगळी आहे. ती त्याचे ऐकून घेते, एकदा त्याच्यासाठी ताज्या फळांची ताटली घेऊन येते. एवढेच. तेवढ्यावर त्या म्हाताऱ्याचे डोळे भरून येतात.

जेकब म्हणजे आपल्याकडचे याकूब. बायबलमधल्या जेकबच्या कथेचे धागे आपण कादंबरीत विणले आहेत, असे लेखिकेने स्वतः सांगितले आहे. आम्हाला मात्र याकूब अलैहिस्सलाम म्हटले की सूरह यूसुफ आठवते. लेकाच्या दुःखात त्यांची दृष्टी गेलेली. यूसुफ अलैहिस्सलाम यांचा सदरा घेऊन काफिला मिसरहून निघतो, आणि इकडे दूर बसलेल्या वृद्ध बापाला त्याचा सुगंध येतो. ते तसे बोलून दाखवतात, आणि म्हणतातही की मला म्हातारचळ लागला असे तुम्ही समजू नका म्हणजे झाले. भोवतालची माणसे काय म्हणतात? तुमचा तो जुनाच भ्रम अजून गेला नाही. घरातलीच माणसे ती, वैरी नव्हेत. हा प्रसंग आम्ही वर्गात किती वेळा सांगितला असेल! भर नेहमी यूसुफवर, सदऱ्यावर, परत आलेल्या दृष्टीवर. सुगंध आणि सदरा यांच्या मधल्या काळात त्या वृद्धाला खुळ्यात काढले गेले होते, तिथे आम्ही वर्गात कधी थांबलो नव्हतो.

आता घरचे.

आमचे अब्बा ८४ वर्षांचे आहेत. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. आम्ही सांगलीत राहतो, पण मूळ घर कुरुंदवाडचे. अब्बांची एक ठरलेली गोष्ट होती. त्यांचे दादा लहान असताना कुरुंदवाडात छत्र्यांच्या सर्कशीतले एक खाँसाहेब राहायचे आणि दादांनी त्यांचे गाणे भिंतीआडून ऐकले होते. "वैसी आवाज फिर नईं सुनी, बोलते थे दादा," हे शेवटचे वाक्य ठरलेले. तीनेक वर्षांपूर्वी ईदच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेले असताना अब्बांनी ती गोष्ट काढली. आणि आम्ही, म्हणजे बी.एड. झालेले, पंचवीस वर्षे मुलांना इतिहास शिकवणारे आम्ही, शिरखुर्म्याची वाटी हातात घेऊन सर्वांदेखत म्हणालो, "अब्बा, सर्कशीत जोकर असतात. खाँसाहेब कुठून येतील?" भाईजान हसले, पाहुणे हसले, पोरे तर जास्तच हसली. अब्बाही थोडे हसले.

त्यानंतर ती गोष्ट आम्ही त्यांच्या तोंडून ऐकलेली नाही. पण ऐकलेली नाही हेसुद्धा आमच्या लक्षात आले ते आत्ता, मॅकगिन्टीचे प्रकरण वाचताना.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर राहणाऱ्या एका संगीतशिक्षकांकडे गेलो आणि सहज विचारावे तसे विचारले. ते आमच्याकडे पाहतच राहिले. "तुम्ही कुरुंदवाडचे, आणि तुम्हाला रहिमत खाँ माहीत नाहीत?" मग त्यांनी सांगितले, दोन पुस्तकेही दिली. भारतातल्या लोकांची स्वतःची अशी पहिली मोठी सर्कस काढली ती आपल्याच भागातल्या विष्णुपंत छत्रे यांनी, १८८० साली, मुंबईत. घोडे शिकवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता आणि कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी ते होते. या घोडेवाल्या माणसाला गाण्याचे वेड. ग्वाल्हेरच्या उस्ताद हद्दू खाँसाहेबांकडे ते गाणे शिकले. हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ असामान्य गायक. लोक त्यांना भूगंधर्व म्हणत. पण अफूचे व्यसन लागलेले, मन थाऱ्यावर राहत नसे, हलाखीत दिवस काढत होते. उस्तादांचा मुलगा असा भटकतो आहे हे पाहून छत्र्यांनी त्यांना आपल्याकडे आणले आणि सर्कशीबरोबर घेऊन हिंडले. गावोगाव सर्कस जायची, बरोबर खाँसाहेब. विष्णुपंत गेल्यावर त्यांचे भाऊ काशिनाथपंत यांनी खाँसाहेबांना सांभाळले. १९२२ साली रहिमत खाँसाहेबांचा इंतकाल झाला तो कुरुंदवाडातच. उतारवयातल्या त्यांच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात.

म्हणजे अब्बांचे दादा खरे बोलत होते, अब्बाही खरे बोलत होते, आणि इतिहास शिकवणारे आम्ही तेवढे कोरे होतो.

कादंबरीतली सर्कस आणि ही सर्कस, दोन्ही त्या रात्री डोक्यात फिरत राहिल्या. तिकडे पाय गेलेल्या कॅमलला गाडीतून ढकलतात. इकडे झोपाळ्यावर लटकणे नाही, घोड्यावर उभे राहणे नाही, औषधपाण्याचा खर्च आणि लहरी सांभाळण्याचा ताप वेगळा, अशा माणसाला एक सर्कसवाला वर्षानुवर्षे बरोबर ठेवतो. त्यांना खायला घालून कोपऱ्यात बसवले नव्हते. त्यांचे गाणे ऐकायला माणसे जमत आणि छत्रे स्वतः कान देऊन बसत. शिष्याने उस्तादांच्या घराचे ऋण फेडले, असे कोणी म्हणेल. म्हणो. पण आम्हाला राहून राहून वाटते, गाणे मागितले जात होते म्हणून खाँसाहेब टिकले असतील. निव्वळ निगा राखून टिकले असते का, कोण जाणे.

संध्याकाळी मगरिबनंतर अब्बांच्या खोलीत गेलो. म्हणालो, "अब्बा, ती कुरुंदवाडची गोष्ट सांगा ना, खाँसाहेबांची."

"कौनसी?"

"दादांनी गाणे ऐकले होते ती."

त्यांनी तसबीह बाजूला ठेवली. आमच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, "छोड़ बेटा. झूठी है वो."

आम्ही संगीतशिक्षकांची पुस्तके दाखवली, खाँसाहेबांचा फोटो दाखवला, सालही वाचून दाखवले. चष्मा लावून त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. 'अच्छा' म्हणाले. गोष्ट सांगितली नाही. अजून सांगितलेली नाही.

पुस्तकाच्या शेवटाकडे जेकबची मोठी फजिती होते. रविवारचा खेळ. इतरांची मुले येऊन आपापल्या म्हाताऱ्यांना सर्कशीला घेऊन जातात. जेकब कपडे करून दारापाशी बसून राहतो. त्या रविवारी थोरल्या मुलाची, सायमनची पाळी असते, आणि तो विसरतो. हा सायमन स्वतःच सत्तरी ओलांडलेला! त्याला तरी किती बोल लावणार? शेवटी ९० किंवा ९३ वर्षांचा माणूस वॉकर घेऊन एकटाच बाहेर पडतो आणि खडी, गवत तुडवत तंबूकडे निघतो. ते चार पावलांचे अंतर लेखिकेने जे लिहिले आहे, ते वाचताना आमच्या पोटऱ्या दुखल्या. पुढे सर्कशीचा व्यवस्थापक त्याला आत घेतो, खेळ दाखवतो, आणि सत्तर वर्षे कोणाला न सांगितलेली गोष्ट रात्री बसून ऐकतो. पोलीस शोधत येतात तेव्हा, हे माझे वडील आहेत, असे चक्क ठोकून देतो. शेवट जरा साखरेचा आहे हे आम्हालाही कळते. खऱ्या जगात दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेची गाडी आली असती. शिवाय ती सर्कस तरी आता कुठे आहे? अमेरिकेतल्या रिंगलिंग बंधूंच्या प्रसिद्ध सर्कशीने २०१६ साली हत्ती बंद केले, २०१७ साली खेळच थांबवले आणि २०२३ साली पुन्हा सुरू केले ते एकही जनावर न घेता. आपल्याकडेही वाघ, सिंह, अस्वले, माकडे तंबूतून कधीच गेली. आमच्या वर्गातल्या मुलांना 'सर्कस' हा निबंध आता देता येत नाही. रोझीची पाठ आठवली की वाटते, बरेच झाले.

पण तो म्हातारा खडीतून वॉकर ढकलत होता तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे अब्बांच्या चपला येत होत्या.

गेल्या थंडीत अब्बा पडले होते. हाड मोडले नाही, अल्हमदुलिल्लाह, पण खांदा महिनाभर दुखत होता. त्याआधी ते फजरला रोज मशिदीत जायचे. गल्लीच्या टोकालाच मशीद आहे, चार मिनिटांची वाट, त्यांच्या चालीने दहा. पडल्यानंतर घरात बैठक झाली. भाईजान, भाभी, आम्ही, सगळ्यांचे एकमत, की आता एकट्याने बाहेर पाठवायचे नाही. नमाज घरीच होईल. अब्बा त्या बैठकीत होते का? नव्हते. शेजारच्या खोलीत होते. दोनदा ते पहाटे कडी काढून गेलेच, म्हणून आम्ही त्यांच्या कोल्हापुरी चपला एका पिशवीत बांधून माळ्यावर टाकल्या आणि घरात घालायला रबरी सपाता आणून दिल्या. त्यांनी दोन-तीन दिवस विचारले, "मेरे चप्पल किधर रक्खे?" आम्ही म्हणालो, "सापडत नाहीत." मग त्यांनी विचारणे सोडले. आम्ही समजलो, विसरले.

आणि पडले कुठे होते? घरातल्या मोरीत. बंद झाली ती मशीद.

कादंबरी संपली त्या आठवड्यात आम्ही शिडी लावून ती पिशवी खाली काढली. आमची नववीतली धाकटी शिडी धरून उभी होती. "आजोबांच्या चपला सापडल्या?" तिने विचारले. तिलाही आम्ही सापडत नाहीत असेच सांगितले होते. काय उत्तर द्यायचे ते सुचेना, म्हणून म्हणालो, "माळ्यावर होत्या. आम्हीच ठेवल्या होत्या." ती काही बोलली नाही. पिशवी घेऊन तीच आत गेली.

भाईजानांशी त्यावरून बोलाचाली झाली. त्यांचे म्हणणे चूक नाही. पहाटे अंधार असतो, गल्लीत कुत्री असतात, उद्या काही झाले तर दवाखान्यात कोण धावणार? आम्हीच धावणार. कादंबरीतला व्यवस्थापक आपल्या घरी येणार नाही. शेवटी असे ठरले की धाकटीच्या मोठ्या भावाने आजोबांना मशिदीपर्यंत सोडायचे आणि स्वतः नमाज पढून बरोबर घेऊन यायचे. हे या वेळी अब्बांपुढे बसून ठरवले. अब्बा म्हणाले, "वो उठेगा क्या फजर को?" पोरगा खाली बघून हसला. त्याच्या उठण्याची खात्री आम्हालाही नाही, पण कोणाला तरी उठवावे लागणार, हे त्याला कळले असावे.

चपलांची मात्र दशा झाली होती. आठ महिने माळ्यावर पडून चामडे लाकडासारखे वाळलेले, एका अंगठ्याचा टाका उसवलेला. नवीन आणू म्हटले तर अब्बांनी मान हलवली. "इनको तेल पिलाना पड़ता," म्हणाले. असरनंतर ओट्यावर बसले, धाकटीने वाटीत तेल आणून दिले, आणि फडक्याने ते एकेक पट्टा चोळत राहिले. कोरडे चामडे तेल पीत होते, वाटी दोनदा भरावी लागली.

तेल लावता लावता त्यांनी मान वर न करता विचारले, "फजर की जमात आजकल कितने बजे होती?"